त्या दिवशी पान तेलुगूत उघडलं

चंद्रपुरात बसून मी वेबसाइट बनवते असं सांगितलं की लोक आधी घराकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग विचारतात, "म्हणजे फेसबुक का?" मी हो म्हणून टाकते. एक मंगल कार्यालय, दोन-तीन कोचिंग क्लास, एक माजरी गावातली पतसंस्था आणि एक गडचांदूरचा ट्रान्सपोर्टवाला, अशी माझी गिऱ्हाइकं. ट्रान्सपोर्टवाल्याला पहिल्याच पानावर त्याचे सगळे ट्रक हवे होते, तेही धावते. मी ते धाववले. ते पान उघडायला लागणाऱ्या वेळात खरा ट्रक राजुऱ्यापर्यंत पोचला असता, पण गडी खूश होता.

अशात एका दुपारी ओळखीच्या एका डॉक्टरबाईचा फोन आला. ही चंद्रपूरचीच, शाळेत माझ्या पुढच्या वर्गात होती. आता गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अल्लापल्लीच्याही पुढे सिरोंच्याच्या वाटेवर एक छोटा दवाखाना चालवते. तिकडे तिला सगळे बाई म्हणतात. मी शाळेपासून ताई म्हणते.

"आमच्या दवाखान्याची वेबसाइट बघितलीस का?" तिनं विचारलं.

"बघितली. छान आहे की."

"छान आहे. पुण्याच्या एका ओळखीच्या मुलीनं हौसेनं करून दिली. पण ती इंग्रजीत आहे. म्हणजे ती मी एकटीच वाचते. आणि दवाखाना कधी उघडतो ते मला माहीत आहे."

इतक्या मोजक्या शब्दांत काम समजावून सांगणारं गिऱ्हाईक मला आधी मिळालं नव्हतं, पुढेही मिळालं नाही.

मी एसटीनं गेले. आष्टीच्या पुढे फोनला रेंज येते आणि जाते, अल्लापल्लीनंतर बहुतेक जातेच. तिथल्या लोकांना रेंज कुठे मिळते ते पक्कं ठाऊक असतं. कुठल्या मोहाखाली, कुठल्या पाण्याच्या टाकीवर, कुठल्या वळणावर गाडी थांबवून. म्हणून मी आधीच ठरवलं होतं, इथे धावते ट्रक चालायचे नाहीत. साधी, हलकी, तयार पानं. एकदा लिहून ठेवली की ठेवली. एक दांडी रेंज असली तरी उघडली पाहिजेत.

आणि ती ज्याच्या त्याच्या भाषेत उघडली पाहिजेत. याची एक सोय असते, आणि मला ती फार आवडते. आपला फोन जेव्हा सर्व्हरकडे एखादं पान मागतो, तेव्हा मालकाला कुठली भाषा हवी तेही सांगतो. आधी मराठी द्या, नसेल तर हिंदी, तीही नसेल तर इंग्रजी. सर्व्हरवर एकाच पानाच्या चार भाषांतल्या चार फाइली ठेवलेल्या असल्या, की तो हे ऐकून त्यातली योग्य ती काढून देतो. माणसाला काही दाबावं लागत नाही. त्याला कळतही नाही की मागे चार होत्या.

डॉक्टरबाईला हे मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आमच्या सिस्टरसारखं."

सिस्टर मूळची सिरोंच्याची. घरी तेलुगू, शाळा मराठी, नर्सिंग नागपूरला, त्यामुळे हिंदीही झकास. केसपेपरच्या खिडकीत ती बसायची. समोर माणूस आला की एकदा बघायची आणि त्याच्या भाषेत बोलायला लागायची. मी तिला विचारलं, कसं ओळखता?

"चुकते ना ताई कधी कधी," ती म्हणाली. "माडिया माणसाले तेलुगूत विचारते. मंग तो हसते. एकदा हसला का पुढचं सोपं होते."

तेलुगू आणि हिंदीचं काम तिनं घेतलं. माडिया ही तिकडच्या आदिवासींची बोली, तिच्यासाठी जवळच्या आश्रमशाळेतले एक गुरुजी आले. हे स्वतः माडिया, शाळेत मराठी आणि गणित शिकवायचे. बोलायला मिश्कील, आणि कुठलंही वाक्य सहजासहजी मान्य करायचं नाही असा त्यांचा नेम होता.

ओपीडी संपली की आम्ही चौघं व्हरांड्यात बसायचो. पहिलंच वाक्य होतं, 'रक्त तपासणीसाठी उपाशीपोटी या.' मला वाटलं, हे पटकन होईल.

"असं लिहू नोका मॅडम," गुरुजी म्हणाले. "लोकायले वाटन दवाखान्यात जेवण आहे."

"ते कसं?" डॉक्टरबाई म्हणाली.

"आमच्याकडं कोणी म्हणलं का घरी जेवू नोको, तसाच ये, तं त्याचा अर्थ जेवाले बोलावलं. माणूस तं येईन. पोरं-बाळं घेऊन येईन."

सिस्टर हसायला लागली. "आन् जावाचं काय? मी रोज विचारते, काही खाल्लं का? नाई म्हणतात. रक्त काढून होते, मंग सांगतात, सकाळी जावा पेलो."

"मंग बरोबरच तं आहे," गुरुजी म्हणाले. "जावा काय खाते काय कोणी? पेतात."

जावा म्हणजे कोसरी नावाच्या भरडधान्याची किंवा तांदळाची पातळ पेज. तिकडे सकाळ तिच्यावरच उजाडते. शेवटी आमचं वाक्य असं झालं: 'सकाळी उठल्यावर काही खाऊ नका, जावासुद्धा पिऊ नका. रक्त दिल्यावर खायला घरून काही आणा.' या एका वाक्याला पूर्ण दुपार गेली. पण पुढच्या महिन्यात तपासणीला आलेले बरेच जण खरोखर उपाशी आणि फडक्यात भाकर बांधून आले, असं सिस्टरनं कळवलं.

मराठी, हिंदी, तेलुगू, माडिया, चारही भाषांतली पानं मी मुद्दाम एकसारखी ठेवली. तेच वाक्य त्याच ओळीवर, तेच चित्र त्याच जागी. त्यात काही थोर विचार नव्हता. मला तेलुगू लिपी वाचता येत नाही. उद्या काही बदलायचं झालं तर बरोबर जागा सापडावी, एवढाच हेतू.

माडियाचं मात्र वेगळं झालं. गुरुजींनी देवनागरीत सगळं लिहून दिलं, आणि मग स्वतःच म्हणाले, "हे वाचणार कोण?"

"तुम्ही," मी म्हटलं.

"मी तं लिहिलंच आहे. मले पाठ आहे."

त्यांचं म्हणणं असं होतं, की ज्याला वाचता येतं तो माणूस शाळेत मराठीतच वाचायला शिकलेला असतो, तो मराठी पान वाचेल. ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकवा. म्हणून आम्ही गुरुजींचा आवाज घेतला. शांत जागा म्हणून एक्स-रेच्या खोलीत बसवलं, दार लावलं, तरी सर्पदंशाच्या सूचनेत मागे एक कोंबडा आरवलाच. पुन्हा करू म्हटलं तर गुरुजी म्हणाले, "राहू द्या. लोकायले वाटन आपल्याच गावातून बोलून राह्यला."

काही दिवसांनी ते आठवडी बाजारात मिरच्या घेत होते, तर एक अनोळखी म्हातारी त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि माडियात म्हणाली, "तू फोनमधला ना? साप चावल्यावर पाय बांधू नका म्हणतो तो?" गुरुजींनी आम्हाला हे किमान तीन वेळा सांगितलं.

पानं तयार झाली तेव्हा मी ती घरी तपासून पाहिली. माझ्या फोनची भाषा मराठी केली, मराठी पान. तेलुगू केली, तेलुगू पान. कौतुकानं मी नवऱ्यालाही दाखवलं. तो म्हणाला, "आता माझा फोन पहिल्यासारखा करून दे."

मग ओपीडीच्या दिवशी मी दवाखान्यात गेले आणि रांगेतल्या लोकांना म्हटलं, जरा आपापल्या फोनवर हे उघडून बघा.

सगळ्यांना इंग्रजी दिसलं.

एकाला नाही, दोघांना नाही. रांगभर. बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांसाठी म्हणून जुनं इंग्रजी पान तसंच ठेवलं होतं, ते अख्ख्या व्हरांड्यात उघडलं. मी एकेकाचा फोन हातात घेऊन पाहिला. सगळे फोन इंग्रजीत. धोतर नेसलेले, पायाला दगड लागून आलेले एक आजोबा होते, त्यांचाही इंग्रजीत.

"आजोबा, तुम्ही फोन इंग्रजीत ठेवला का?" मी विचारलं.

"मी कायले ठेवू? दुकानवाल्यानं जसा देल्ला तसा आहे."

"मराठी करून देऊ?"

त्यांनी फोन झटकन परत घेतला. "नोको माय! मंग मले काही सापडणार नाई. हिरवं इथी आहे, ते दाबलं का पोरगा बोलते. तेवढंच मले माहीत आहे. तू बदलवशीन तं पोरगा कुठी शोधू?"

मी चहा घेऊन पायरीवर बसले. फोन सर्व्हरला मालकाची आवड सांगतो हे खरं, पण इथे फोन जी आवड सांगत होते ती मोबाइलच्या दुकानदाराची होती. बहुधा त्याचीही नव्हती. डबा फोडला तेव्हा जे होतं ते राहू दिलं, इतकंच.

डॉक्टरबाई शेजारी येऊन बसली. "आमच्याकडे येणारा माणूस काय होतंय विचारलं की 'बरं आहे' म्हणतो," ती म्हणाली. "म्हणून त्याला सोडून द्यायचं नसतं. पुन्हा विचारायचं."

तेव्हा मी नियम बदलला. फोन मराठी, तेलुगू किंवा हिंदी म्हणाला तर खरं मानायचं, कारण ती कुणीतरी ठरवून निवडलेली असणार. फोन इंग्रजी म्हणाला, तर याला काही माहीत नाही असं समजून मराठी पान द्यायचं. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर मोठी मोठी बटणं, प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत. माडियाच्या बटणावर कानाचं चित्र. एकदा दाबलं की फोन ते लक्षात ठेवील. यानंतर गाडं सुरळीत चाललं. बाहेरून आलेला एक डॉक्टर तेवढा कुरकुरला की मला इंग्रजी शोधावं लागलं. सिस्टरनं त्याला बटण दाखवलं.

पावसाळा लागला आणि सिस्टरनं एक नवीन पान मागितलं: 'आजचा रस्ता'. तिकडे पावसात कुठला नाला कधी भरेल याचा नेम नसतो, आणि दवाखान्याची गाडी एका जागी उभी अन् पेशंट भलतीकडे, असं हमखास व्हायचं. आम्ही नेहमी लागणारी वाक्यं चारही भाषांत आधीच करून ठेवली. नाल्यावर पाणी आहे. लाकूड डेपोच्या वाटेनं या. गाडी फाट्यावर उभी आहे. सिस्टर रोज सकाळी चौकशी करून त्यातली त्या दिवसाची वाक्यं निवडायची, की चारही पानं एकदम बदलायची. माडियात तर गुरुजीच सांगायचे.

अशा एका भर पावसाच्या दिवशी सकाळी मी चंद्रपुरात पोहे फोडणीला टाकत होते, आणि एटापल्लीकडच्या एका आशाताईंचा फोन आला.

"मॅडम, आपलं पान कन्नड झालं जी."

"कन्नड?"

"गोल गोल अक्षरं आहेत सारे."

मी माझ्या फोनवर पाहिलं. गोल गोल अक्षरं. तेलुगू. 'मराठी' दाबलं. पान हललं, आणि पुन्हा तेलुगू. हिंदी दाबलं. तेलुगू. पोहे नवऱ्याच्या हवाली केले. तेवढ्यात सिस्टरचा फोन आला. "ताई, माझ्यासाठी ठीक आहे, मले वाचता येते. पण बाकीचे काऊन ओरडून राह्यले ते बघा ना."

झालं होतं ते असं. आमची पानं जिथे ठेवली होती त्या होस्टिंगवाल्यांनी, पानं लवकर उघडावीत म्हणून, परभारे एक नवी सोय सुरू केली होती. मधे एक साठवण. कुणी एखादं पान मागितलं की तिच्यात त्याची प्रत राहते, आणि पुढच्या माणसाला सर्व्हरपर्यंत न जाता तीच प्रत मिळते. सोय चांगली आहे. फक्त तिला सांगावं लागतं, की बाई, हे पान माणसागणिक वेगळं असतं, भाषा बघून दे. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या सकाळी सगळ्यात आधी पान उघडणाऱ्याचा फोन तेलुगूत असणार. नदीपलीकडचा असेल, सिरोंच्याचा असेल. त्याला तेलुगू पान मिळालं, त्याची प्रत राहिली, आणि मग अख्ख्या मुलखाला तीच वाटली गेली. माझी बटणंही कामाची नव्हती, कारण ती दाबली की पुन्हा त्याच पत्त्यावरून पान यायचं, आणि त्या पत्त्यावर तेलुगू बसलेलं.

दुरुस्ती लहान होती. त्या साठवणीला भाषा बघायला सांगणारी एक ओळ. शिवाय प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतःचा वेगळा पत्ताही देऊन टाकला, म्हणजे बटण दाबलं की थेट त्या पानावर. पण साठवण रिकामी व्हायला, होस्टिंगवाल्यांनी फोन उचलायला आणि त्यांना माझं म्हणणं समजायला दुपार उजाडली. मी थंड पोहे खाल्ले आणि डॉक्टरबाईला फोन करून सांगितलं, झालं नीट.

"बरं केलंस," ती म्हणाली. "आता बस आणि ऐक."

तिनं सांगितलेलं, मग सिस्टरनं सांगितलेलं, आणि पुढे त्या घरच्यांच्याच तोंडून ऐकलेलं, असं सगळं मिळून मी इथे सांगते.

दवाखान्यापासून आत जंगलात एक गाव आहे. तिथल्या एका धानवाल्या घरात नदीपलीकडची सून होती. घरातला मुलगा दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जायचा, तिथे दोघांची ओळख झाली, लग्न झालं, ती इकडे आली. मराठी बोलायला ती घरातच शिकली, सासूशी भांडण्याइतकी चांगली. पण त्या घरात छापलेलं जे काही होतं ते मराठीत. रेशनच्या दुकानातली पाटी, खताची पिशवी, भिंतीवरचं कॅलेंडर. तिनं कधी काही वाचलं नाही, म्हणून तिला वाचता येत नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. बँकेत नेलं तेव्हा तिथल्या माणसानं मराठी कागद बघून गांगरलेला तिचा चेहरा पाहिला आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. तिनं अंगठा टेकवला. तो विषय तिथेच मिटला.

त्या सकाळी तिला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण. गावातून बाहेर पडायला दोन वाटा, एक नाल्यावरून, एक लाकूड डेपोच्या बाजूनं लांबची. सासूचं म्हणणं नाल्यावरूनच जायचं, जवळ पडते. नवऱ्यानं गाडी कुठे उभी आहे ते बघायला फोन उघडला, टाकीवर चढून रेंज घेतली आणि पान घेऊन खाली आला.

"हे काय आलं? काहीच समजत नाई."

"पाणी गेलं असन त्याच्यात," सासू म्हणाली. "ठेव तो फोन, ट्रॅक्टर काढ."

खाटेवरून सून म्हणाली, "दाखवा इकडं."

कुणी लक्ष दिलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं, जरा जोरात. नवऱ्यानं फोन तिच्या हातात दिला. तिनं डोळ्यांजवळ धरला. कितीतरी दिवसांनी वाचत होती, त्यामुळे आधी ओठ हलले. मग ती मराठीत म्हणाली, "नाल्यावर पाणी आहे. तिकडून येऊ नका. डेपोच्या वाटेनं या. गाडी फाट्यावर आहे."

सासू खाटेजवळ आली.

"तुले वाचता येते?" सासूनं विचारलं.

"तेलुगू येते."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"कोणी विचारलंच नाई."

ट्रॅक्टर डेपोच्या वाटेला लागला. मागे ट्रॉलीत गवताच्या पेंढ्यांवर सून, डोक्यावर ताडपत्री, आणि शेजारी सासू. सासूला राहवेना.

"कितवी शिकली?"

सून कळ सोसत होती. कळ ओसरल्यावर म्हणाली, "दहावी."

"दहावी!" सासू म्हणाली. पुढे खड्डा आला, कळ आली, सून ओरडली, सासूनं तिची पाठ चोळली. आणि चोळता चोळता विचारलं, "पास?"

"पास."

सासू पुढे ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलावर ओरडली, "तुले माहीत होतं काय रे?"

तो मागे न बघता म्हणाला, "शाळेत गेली असन असं वाटलं होतं. इतकी गेली असन असं नाई वाटलं!"

फाट्यावर गाडी उभी होती. दुपारी मुलगी झाली. आई-बाळ दोघी ठीक. नाल्याच्या वाटेनं गेले असते तर त्यांना मागे फिरावं लागलं असतं. बाळंतिणीला खाटेवर निजवल्यावर सिस्टरनं तिच्याशी तेलुगूत बोलायला सुरुवात केली, तर तिनं सिस्टरचा हात धरला आणि म्हणाली, "ते पान तुम्ही लिहिलं काय? त्यात एक अक्षर चुकलं आहे." सिस्टरनं हे मला फार नाइलाजानं सांगितलं. अक्षर खरंच चुकलं होतं. सिस्टरचं म्हणणं, सिरोंच्यात तसंच लिहितात.

पाणी ओसरल्यावर मी पुन्हा गेले. लसीकरणाचा दिवस होता. व्हरांड्यात बाया आणि बाळं, आणि त्यांच्या मधोमध एक सासू उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आमची सून दहावी पास आहे. तेलुगूत." त्यावरून मी ओळखलं. गावातल्या तेलुगू औषधाच्या बाटल्या, किराण्याच्या पुड्या, मिरचीच्या मुकादमानं दिलेले कागद, असं सगळं आता हिच्या घरी वाचायला येत होतं, आणि कोणाचं आधी वाचायचं ते सासू ठरवत होती.

सून भिंतीला टेकून बसली होती, बाळ मांडीवर, फोन हातात. मी शेजारी बसले, ओळख सांगितली.

"त्या दिवशीचं तुमी केलं होतं?"

"केलं नव्हतं. बिघडलं होतं. मी नीट केलं."

"हां," ती म्हणाली. थोडा विचार करून म्हणाली, "तुमी उशिरा नीट केलं ते मले बरं झालं."

मी विचारलं, आता कसं बघता? फोन तेलुगू करून देऊ का, म्हणजे पान आपोआप तेलुगूत येईल. ती नको म्हणाली. फोन नवऱ्याचा होता, आणि तिला नुसतं तेलुगूत नकोच होतं. तिनं मला दाखवलं. ती तेलुगू पान उघडायची, एक ओळ वाचायची. मग बटण दाबून मराठी पानावर जायची आणि तीच ओळ शोधायची. ओळ त्याच जागी असायची. अर्थ आधीच माहीत, बोलायला शब्द माहीत, फक्त अक्षरं जुळवायची. मग परत तेलुगू. अशी ये-जा करत तिनं जवळजवळ सगळी अक्षरं धरली होती. 'ळ' कळायला फार त्रास झाला म्हणाली, आणि जोडाक्षरांचा तिला अजून राग होता. 'ताप' पहिल्या दिवशी आलं. 'सर्पदंश' अजून येत नव्हतं.

मी तिच्या हातातल्या फोनकडे बघत राहिले. आपण काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. चार पानं एकसारखी ठेवली होती, मला तेलुगू येत नाही म्हणून.

"दुसरं काही वाचता का?" मी विचारलं. "मराठीत?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. समोर व्हरांड्याच्या दारावर एक पाटी होती. ती हलक्या आवाजात सुरू झाली, बोट हवेत फिरवत. "च. प. ला. चपला." थांबली. "बा-हे-र. बाहेर." बाळ कुरकुरलं, तिनं मांडी हलवली, नजर पाटीवरून काढली नाही. "का-ढा."

मग तिनं सावकाश मान वळवली आणि व्हरांड्याच्या मधोमध उभ्या असलेल्या सासूच्या पायांकडे पाहिलं.

सासूनंही पाहिलं. आजूबाजूच्या बायांनी पाहिलं. सिस्टरनं केसपेपरच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"वाच, वाच," सासू चपला काढता काढता म्हणाली. "मले नोको सांगू, पुढचं वाच."